वर्षश्राद्धाला कुठलं नाव घ्यायचं?

या वेळचं पत्र (थोडं कमी करून छापतेय, नाव-गाव काढून) :

"ताई, मी 23 वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझी मोठी बहीण जन्मली मुलगा म्हणून. 19 व्या वर्षी घर सोडून पुण्याला तृतीयपंथी गुरूंकडे गेली, तिकडे नाव घेतलं, साडी नेसायला लागली. आम्ही चोरून फोनवर बोलायचो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तिचा खून झाला. ओळखीच्याच माणसाने केला, तो आत आहे, केस चालू आहे. बाबांनी बॉडी गावी आणली, शर्ट-पँट घातली, जुन्या नावाने दशक्रियेची पत्रिका छापली. तिचे गुरू आणि चार जणी आल्या होत्या त्यांना चुलत्यांनी वेशीवरूनच परत पाठवलं. दहाव्याला कावळा शिवला नाही, दीड तास थांबले आणि मग दर्भाचा कावळा करून लावला. भिंतीवर तिचा दहावीचा फोटो मोठा करून लावलाय. आई तिच्याबद्दल 'तो' म्हणत नाही आणि 'ती' पण म्हणत नाही, 'लेकरू' म्हणते. शेवटच्या भाऊबीजेला ती म्हणाली होती ये ना पुण्याला, या वेळी मीच तुला ओवाळते. मी परीक्षेचं कारण सांगून गेले नाही. आता वर्षश्राद्ध आलंय. इन्स्टावर 20 नोव्हेंबरच्या मेणबत्त्या बघितल्या. मला तिची आठवण तिच्या नावाने करायचीये, घरात कसं करू? आणि आता करून तरी काय उपयोग? – धाकटी"

धाकटे,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज उघडते आणि रोज त्या भाऊबीजेच्या वाक्यापाशी अडकते, म्हणून आधी तेच बोलू, वर्षश्राद्धाचं नंतर.

तू गेली नाहीस, खरंय. 'तुझी काही चूक नाही गं' असं म्हणून मी मोकळी होऊ शकते पण ते तुला पटणार नाही. तरी एक बघ, तुमच्या घरातून तिला फोन कोणाचा जायचा? तुझाच ना. 'चोरून' असं तूच लिहिलंयस, म्हणजे भीती होती आणि तरी बोलणं व्हायचं. मी दहा-बारा वर्षं तृतीयपंथीयांच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम केलं, टेस्टिंगला नेण्यापासून रेशन कार्डाच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं, आणि तिथे जवळजवळ प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये घरचा एक नंबर असायचाच, फक्त तो नंबर उचलणारं माणूस सगळ्यांना नव्हतं. ज्यांचं कोणी उचलायचं त्या दिवसभर सांगत फिरायच्या, माझ्या बहिणीशी बोलले, तिला बारावीला एवढे पडले, ती आता कॉलेजला जाते. तुझ्या बहिणीने पण सांगितलं असणार. गुरूंना विचारून बघ, तुझे मार्क त्यांना पाठ असतील.

आता आई. आपल्या मराठीत माणसाबद्दल साधं वाक्य बोलायचं तरी आधी ठरवावं लागतं, आला की आली, जेवला की जेवली, क्रियापद काही सुटू देत नाही. आणि गेलेल्या माणसाबद्दल तर पहिलाच शब्द तो, गेला की गेली. बाबांनी 'गेला' म्हटलं, पत्रिकेत चि. लावून छापलं. आईने काय केलं, तिने अशी वाट शोधली की खोटं पण बोलावं लागू नये आणि घरात वाद पण होऊ नये. लेकरू गेलं. तुला वाटतंय ती टाळतेय. मला तसं नाही वाटत. त्या घरात 'गेला' म्हणायला पहिला नकार तिनेच दिलाय, तो पण तुझ्या आधी.

म्हणून सुरुवात आईपासून कर. समोरासमोर बसवून नको, कामात असताना, शेंगा फोडताना किंवा पोळ्या लाटताना, एकदाच तिचं नाव घे. "आई, तिला तिकडे अमुक म्हणायचे." बस एवढंच, आणि मग गप्प बस, उत्तर मागू नकोस. आई रडेल, किंवा उठून जाईल, किंवा काहीच बोलणार नाही आणि चार दिवसांनी स्वतःहून विचारेल की ते नाव तिने कसं काय निवडलं असेल गं. तेव्हा तुला जेवढं माहितीये तेवढं सांग.

20 नोव्हेंबरचं, म्हणजे मारल्या गेलेल्या ट्रान्स लोकांच्या आठवणीच्या दिवसाचं, लिहिलंस ते पण सांगते कारण इन्स्टावर मेणबत्ती दिसते, ज्या बाईपासून हे सुरू झालं ती दिसत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात रीटा हेस्टर नावाची एक काळी ट्रान्स बाई, म्हणजे तुझ्या बहिणीसारखीच मुलगा म्हणून जन्मलेली, राहायची. 28 नोव्हेंबर 1998 ला तिला तिच्याच घरात भोसकलं, दोन दिवसांनी तिचा 35 वा वाढदिवस होता. आणि पेपरवाल्यांनी काय केलं तर तिला पुरुष म्हणून छापलं, एकाने तर 'रीटा' हे नाव अवतरणचिन्हात टाकलं, जसं काही ते खोटं नाव आहे. तिच्या मैत्रिणींना खुनाइतकाच याचा संताप आला. तुला त्या पत्रिकेचा आला ना, तोच हा. मग आठवड्याभरात अडीचशेच्या आसपास माणसं हातात मेणबत्त्या घेऊन तिच्या घरापर्यंत चालत गेली, त्यात तिची आई होती, भावंडं होती, आणि ती आई लेकीच्या दाराशी गुडघे टेकून बसली.

पुढच्या वर्षी म्हणजे 1999 ला ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ या ट्रान्स बाईने हा दिवस सुरू केला. तिला कळलं होतं की त्याच बॉस्टनच्या बाजूला नोव्हेंबर 1995 मध्ये शनेल पिकेट म्हणून एक जण अशीच मारली गेली होती आणि तीनच वर्षांत ओळखीतल्या लोकांना ते नाव आठवत नव्हतं. तीन वर्षं गं, फक्त तीन! म्हणून 20 नोव्हेंबरला नावं मोठ्याने वाचतात, एकेक करून, आणि म्हणूनच त्या दिवशी तिचं नाव चुकीचं घेतलं तर बाकी कशाला अर्थ राहत नाही. रीटाच्या खुनाचा उलगडा मात्र अजून झालेला नाही.

युरोपातली ट्रान्स लोकांची एक संघटना जगभरातल्या अशा खुनांची नोंद ठेवते. ऑक्टोबर 2023 ते सप्टेंबर 2024 या एका वर्षात त्यांच्याकडे 350 नोंदले गेले, बहुतेक सगळ्या ट्रान्स बायका, आणि सगळ्यात जास्त ब्राझीलमध्ये. पण ही नोंद होते बातम्यांवरून आणि संस्थांनी कळवल्यावरून, म्हणजे जिला घरच्यांनी शर्ट-पँट घालून जुन्या नावाने पोचवलं आणि बातमीत 'युवकाचा खून' असं आलं ती या 350 मध्ये कुठून येणार? करून काय उपयोग विचारलंस ना, त्यातलं पहिलं उत्तर हे. तू नाव घेतलं नाहीस तर ती मोजलीच जाणार नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तिचे गुरू.

तुझ्या पत्रात त्या एका वाक्यात येऊन गेल्या, आल्या आणि परत पाठवल्या. पण विचार कर, 19 व्या वर्षी तुमच्या घरातून बाहेर पडलेल्या पोरीला राहायला जागा कोणी दिली, आजारपणात दवाखान्यात कोणी नेलं, पहिली साडी कोणी नेसवली. गुरू म्हणजे त्यांच्यात आईच्या ठिकाणी, गुरूची गुरू ती नानी, बरोबरीच्या त्या गुरुबहिणी, अख्खं गणगोत असतं ते आणि घरातलं कोणी गेलं की सुतक त्यांना पण असतं. ओळखीतल्या एका गुरूचं सांगते. तिची चेली गेली, ताप डोक्यात गेला होता, हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात घ्यायचं की बायकांच्या यावरून पहिला सगळा वेळ गेला आणि तो वेळ नंतर कमी पडला. त्या गुरूने चेलीचा मोबाईल वर्षभर चार्ज करून ठेवला, स्वतः रिचार्ज मारायची, गणपतीच्या शेजारी तो फोन ठेवलेला असायचा. मी विचारलं कशाला गं, तर म्हणाली तिच्या आईचा कधी फोन आला तर उचलायला कोणी तरी पाहिजे ना.

फोन आला नाही. पण तू करू शकतेस.

आणि जाता जाता एक गोष्ट खोडून टाकते कारण तुझ्या गावात कोणी ना कोणी बोललंच असणार. तृतीयपंथीयांचं प्रेत रात्री गुपचूप नेतात, चपलांनी मारत नेतात, पुढच्या जन्मी असा जन्म नको म्हणून, असले फॉरवर्ड फिरत असतात. मी अशा अंत्यविधींना गेलेय, दिवसाउजेडी, कोणाचं दफन कोणाचं दहन, ज्याचा त्याचा धर्म आणि घराण्याचा रिवाज, खांद्याला वस्तीतली माणसं, मागे रडणाऱ्या बायका. चप्पल कोणी उगारलेली मी पाहिली नाही. आई-बाबांच्या मनात ते भूत बसलं असेल तर ते आधी काढ, त्या बायकांना वेशीवर अडवण्यामागे ही भीती पण असू शकते.

मग वर्षश्राद्धाचं असं कर. तिथीला बाबा गुरुजींना बोलावून जुन्या नावाने करणार असतील तर करू देत, त्या दिवशी अंगणात भांडण नको, तुझ्या आईला ते झेपणार नाही. गुरुजींना मात्र आधी एकटी भेटून सांग की असं असं आहे, संकल्पात तिचं हे नाव पण घेता येईल का. काही जण ऐकतात, तू विचारल्याशिवाय कळणार नाही. नाही म्हणाले तर आईला घेऊन वेगळं पान वाढ. श्राद्धाला वस्त्र देतात तसं तू एक साडी घे, तुला परवडेल तेवढ्याची, तिच्या आवडीच्या रंगाची, आणि ती पुण्याला जाऊन गुरूंच्या हातात दे. फोटोचं पण तसंच, दहावीचा काढायला लावू नकोस, तो पण तिचाच आहे, बिचारीने त्या शर्टात पण दिवस काढलेत. पण गुरूंकडून साडीतला एक फोटो घे आणि आईच्या कपाटात ठेव, आतल्या बाजूला. तो भिंतीवर कधी लावायचा ते आईला ठरवू दे.

आणि तो कावळा. तू त्याबद्दल काहीच विचारलं नाहीस फक्त सांगितलंस, पण वर्षभर तुला तेच खातंय हे कळतं. कावळा का शिवला नाही यावर मी काही बोलणार नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण तिथे जमलेले सगळे मनातल्या मनात काय काय कबूल करत असतील, कर्ज फेडतो, आईला सांभाळतो, केस लढतो, आणि तिची इच्छा काय होती हे माहीत असलेली तू एकटी होतीस आणि तुला घाटावर पुढे येऊ दिलं नसेल. ती इच्छा पूर्ण करायला दहावाच लागतो असं नाही.

केसबद्दल, कारण ही आठवण कोर्टात पण ठेवावी लागते. मागच्या वर्षीचा खून म्हणजे नवीन न्याय संहितेचं कलम 103 असणार, शिक्षा जन्मठेप किंवा फाशी, मेलेली बाई ट्रान्स आहे म्हणून त्यात एक दिवस कमी होत नाही. हे मुद्दाम सांगते कारण 2019 चा तृतीयपंथी संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यात मारहाणीला, लैंगिक अत्याचाराला सुद्धा सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली होती आणि कोणी तुला 'असल्या केसमध्ये दोनच वर्षं होतात' असं सांगेल, तर ते या केसला लागू नाही. तू जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कायद्यातच आहे ते. सरकारी वकिलांच्या मदतीला कोर्टाच्या परवानगीने आपला वकील देता येतो. नुकसानभरपाईच्या योजनेचा अर्ज पण तिथेच विचार. आणि एक बारीक गोष्ट जी पुढे फार मोठी होते, कागदावर तिचं जुनं नाव एकटंच असेल तर 'उर्फ' लावून तिचं खरं नाव यायला हवं, तुझा जबाब झाला तर त्यात सांग. कारण शेजारी, दुकानदार, गुरुबहिणी सगळे साक्षीदार तिला त्याच नावाने ओळखतात. उद्या समोरच्या वकिलाने विचारलं की तुम्ही या नावाच्या माणसाला ओळखत होता का, तर त्या खरं बोलून 'नाही' म्हणतील! ज्या चौघींना वेशीवरून परत पाठवलं, त्यांच्यातलीच एखादी तुमच्या केसची मुख्य साक्षीदार असू शकते, हे बाबांना नक्की सांग.

बाबांशी बोलताना कायदा नको काढूस, 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला वगैरे, ते बरोबर आहे पण दुखऱ्या माणसाला ते भांडणासारखं वाटतं. त्यांना गावं सांग. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने 2017 ला थेट निवडणुकीत ज्ञानदेव कांबळे म्हणजे माऊलींना सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटीलचा बायकांच्या जागेवरचा अर्ज अधिकाऱ्यांनी नाकारला होता, ती हायकोर्टात गेली आणि 2021 ला निवडून आली. तुमच्यासारखीच गावं ती, तिथे पण चुलते असतात. आणि सांगली भागातली किती घरं सौंदत्तीला यल्लम्माला जातात, देवीच्या साडी नेसणाऱ्या जोगत्यांच्या पाया पडतात, लग्नात-बारशात टाळी वाजली की हातावर पैसे ठेवून आशीर्वाद घेतात. आशीर्वाद चालतो, मग लेक का नको? उत्तर हिंदुस्थानात 1871 ला इंग्रजांनी तृतीयपंथीयांना गुन्हेगारांच्या यादीत टाकलं होतं, बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली तर तुरुंग. तो कायदा गेला पण ती नजर काही गेली नाही. बाबांनी पण ती नजर विकत घेतलेली नाही, त्यांना ती आयती मिळालीय. मला त्यांचा राग येत नाही असं नाही. पण बॉडी घ्यायला ते गेले गं. कितीतरी बाप येत नाहीत, शवागारातून पोलीसच बेवारस म्हणून पुढचं करतात. ते पुण्याला गेले, सही केली आणि आपल्या लेकराला घरी घेऊन आले. तिथून पुढे बोल.

तुझी झोप, जेवण याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, त्याची मला काळजी आहे. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर, फुकट आहे, कधीही लाव, मराठीत बोल.

आणि त्या चौघी. तिच्या नावाने काही करायचं तर त्यांच्यासाठी कर. त्या अजून दुप्पट भाड्याच्या खोलीत राहतात, सकाळी बाजार मागायला, म्हणजे दुकानादुकानांतून पैसे मागायला, निघतात, रात्री परत येताना एकमेकींना मिस्ड कॉल देतात पोचले म्हणून. तू शिकलेली आहेस, कलेक्टर ऑफिसचे फॉर्म, बँकेचं केवायसी, आधारवरचं नाव, यात बसून मदत केलीस तर एकेकीचे महिने वाचतात. यावर्षी 20 नोव्हेंबरला पुण्यात कुठे ना कुठे मेणबत्त्या लागतीलच, त्यांच्याबरोबर जा. तिथे नावं वाचताना तुझ्या बहिणीचं नाव तू वाच, गुरू सांगतील तसं, त्या आधी आणि तू नंतर. (तू मला ते नाव लिहून पाठवलंस, फार गोड नाव आहे. केस चालू आहे आणि तुझं गाव छोटं आहे म्हणून इथे छापत नाही, पण मी ते मोठ्याने म्हणून बघितलं.)

पण सगळ्यात आधी, उद्याच, गुरूंना फोन लाव. माफी वगैरे मागायची घाई करू नकोस, त्या रडायला लागतील आणि मग दोघी काहीच बोलू शकणार नाही. सरळ विचार की तिला जेवायला काय आवडायचं. तुला 19 व्या वर्षापर्यंतचं माहितीये, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी, भाकरी, जे काय असेल ते. पुढच्या वर्षांचं त्यांना माहितीये, पुण्यात गेल्यावर ती काय खायला शिकली, कुठल्या गाडीवर थांबायची, चहात साखर किती. ते लिहून घे, आणि तिथीच्या दिवशी आईला घेऊन पान वाढशील तेव्हा दोन्हीकडचं वाढ.